छातीतला अल्सर आणि नऊ दिवसांचं थंड दूध

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. बायकांनी साडी घेऊन यायचं आणि तिला जुळणारं ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, परकर घेऊन जायचं, असं ते दुकान. तिथं अजूनही आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काऊंटरवर कोपर टेकून विचारतं, "काय म्हणतंय मग पोट?"

माझं पोट उत्तम आहे. ते बिघडलेलंच नव्हतं. अल्सर झाला होता हे खरं, पण तो पोटात नव्हता. हृदयातून निघून पाठीच्या कण्याच्या कडेनं खाली उतरणारी जी मुख्य रक्तवाहिनी असते, महाधमनी म्हणतात तिला, तिच्यात होता. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नसतानाच मी सगळ्या पेठेला पोटाचा अल्सर म्हणून सांगून मोकळा झालो होतो. त्यामुळे विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही.

माझ्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या की काका, तुम्ही एवढं बोलता, त्यापेक्षा लिहून काढा, हा आजार निघालेल्या माणसाला आपल्या भाषेत वाचायला फारसं काही मिळत नाही. म्हणून लिहितोय. यात डॉक्टरी माहिती कमी सापडेल, कारण ती मलाच अर्धी कळली आहे. चुका मात्र भरपूर आहेत आणि सगळ्या माझ्या स्वतःच्या आहेत.

अस्तराचा गठ्ठा

लग्नसराईचे दिवस होते. माळ्यावरून अस्तराच्या ताग्यांचा गठ्ठा मी एकट्यानं खाली काढला. वय त्रेसष्ट. गठ्ठा जमिनीवर टेकला आणि पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध, शिंप्याची कात्री खुपसून कुणीतरी फिरवल्यासारखं झालं. मी गठ्ठ्यावरच बसलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला. दहा मिनिटांनी कळ कमी झाली आणि मी गिऱ्हाइकाला मोरपंखी आणि रामा हिरवा यातला फरक समजावून सांगायला लागलो.

माझी बायको सुनंदा दुपारी दुकानात असते. तिनं तेव्हाच डॉक्टरकडे चला म्हटलं. मी म्हटलं, लचक आहे, तेल लावू. दोन दिवस तेल लावलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही, रिक्षा बोलावली.

आमचे घरचे डॉक्टर गेली पंचवीस वर्षं आमच्या घराण्याचं सगळं बघतात. त्यांनी प्रेशर मोजलं, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा मोजलं. सिगारेट चालू आहे का विचारलं. मी म्हटलं, कमी केलीय. दुकानामागच्या बोळात दिवसातून पाच हे मी 'कमी' या सदरात धरत होतो. छातीचा फोटो काढला, त्यात कसली तरी सावली त्यांना रुंद वाटली. रंग घालून सीटी स्कॅन करून या म्हणाले. रंगाचं नाव निघाल्यावर मला जरा आपलेपणा वाटला. स्कॅनच्या मशीनवर आडवं पडल्यावर तिथल्या माणसाला मी कुठला रंग घालणार म्हणून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, पाण्यासारखा असतो. म्हणजे मॅचिंगचा प्रश्न नाही, असं मी म्हटलं. तो हसला नाही.

रिपोर्ट मी वाचला

संध्याकाळी रिपोर्ट आणायला गेलो तर खिडकीतल्या मुलीनं सांगितलं की हा लगेच दाखवायचा आहे. तुमच्या डॉक्टरांना फोन लागत नाही, ते नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण थांबू नका. मी म्हटलं, जातो की. खरं सांगायचं तर मला वाटलं ही सगळ्यांनाच असं सांगत असेल. आम्ही नाही का प्रत्येक गिऱ्हाइकाला 'रंग जाणार नाही' म्हणून सांगत, तसं.

डॉक्टर नात्यातल्या लग्नासाठी गावी गेले होते. दवाखान्याला कुलूप. मी समोरच्या कट्ट्यावर बसून पाकीट फोडलं आणि रिपोर्ट वाचला. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे: फिक्स रेट, कटपीस, नो एक्सचेंज. त्या दोन पानांत ओळखीचा एकच शब्द सापडला, अल्सर. त्याच्या आधी एओर्टा असा एक शब्द तीन-चार वेळा होता. तो मी मशीनच्या कंपनीचं नाव समजलो.

आता हसायला येतं, पण तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. सावली हा शब्द ऐकल्यापासून मी मनात एका दुसऱ्याच रोगाचं नाव घेऊन बसलो होतो. ते नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं. अल्सर म्हणजे काय, जागरण, पित्त, तिखट खाणं. आमच्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला अल्सर होणं हे जवळजवळ रहिवासाचा दाखला मिळण्यासारखं आहे. मी पाकीट घडी करून कपाटात कपड्यांखाली ठेवलं. सुनंदाला सांगितलं की डॉक्टरांशी फोनवर बोललो, साधा अल्सर आहे, पथ्य सांगितलंय.

हे पहिलं खोटं.

पथ्य सांगितलं होतं शेजारच्या बांगड्यांच्या दुकानवाल्यानं. त्याला खरोखरीचा पोटाचा अल्सर होऊन गेलेला. थंड दूध, केळं, तिखट बंद, आणि सकाळी उपाशीपोटी कुठलीही गोळी घ्यायची नाही, आतडं जळतं, असं त्यानं बजावलं. मी सकाळी चहाबरोबर एकच गोळी घेत होतो, प्रेशरची. ती बंद केली.

सुनंदा रोज ती गोळी बशीत काढून चहाशेजारी ठेवते. बंद केली म्हटलं असतं तर तिनं डॉक्टरांना फोन लावला असता आणि पहिलं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी गॅलरीत चहा प्यायला लागलो आणि गोळी तुळशीच्या कुंडीत खोचायला लागलो. आतून आवाज यायचा, "घेतली का?" मी म्हणायचो, "घेतली." असे नऊ दिवस. त्या काळात आमच्या तुळशीचं प्रेशर अतिशय उत्तम राहिलं असणार.

आक्काचा प्रश्न

नवव्या दिवशी रविवार होता. माझी थोरली बहीण आक्का मंगळवेढ्याजवळ शेतावर राहते. ज्वारी आहे, वीस-बावीस मेंढरं आहेत. हुरड्याला या म्हणून तिचा निरोप होता. सगळे आगटीभोवती बसून गरम हुरडा तळहातावर चोळत होते आणि मी एकटा वाटीभर दही घेऊन पथ्याची महती सांगत होतो.

तिथं ती कात्री पुन्हा फिरली. या वेळी दहा मिनिटांत थांबली नाही. मी वाटी खाली ठेवली. सुनंदाला म्हटलं, पोटात आग पडलीय, दूध आहे का बघ.

आक्का कणीस खाली टाकून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाळू, अल्सर पोटात हाय म्हणतुयास, तर हात पाठीवर का रं?"

मी म्हटलं, कळ तिकडं जाते.

"मेंढराचं पोट दुखलं तर ते मान वळवून पोटाकडं बघतंय," ती म्हणाली. "मुकं जनावर हाय, पर त्याला ठावं असतंय कुटं दुखतंय ते. तू मगाधरनं पाठ धरून बसलायास आन् पोटाला दूध मागतुयास. उठ. हे पोट न्हाय."

आक्का शाळेत गेलेली नाही. दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट नऊ दिवस माझ्या कपाटात होता, आणि आजाराची जागा तिनं माझ्या हाताकडं बघून ओळखली. शेजारच्या वस्तीवरची गाडी तिनं ओरडूनच बोलावली. सुनंदा आमच्या डॉक्टरांना फोन लावत होती. ते त्याच दिवशी परतले होते. तिनं एवढंच सांगितलं की अल्सरवाल्या पेशंटची पाठ दुखतेय. मग त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि म्हणाले की घरी जाऊ नका, थेट तिथं या, मी निघतो.

पोटात नाही

हॉस्पिटलात आमच्या डॉक्टरांनी स्कॅनवाल्यांकडून मागवलेला रिपोर्ट उभ्याउभ्याच वाचला. मग माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं की हा नऊ दिवस कुठं होता. मी म्हटलं, कपाटात.

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

त्यांनी सांगितलं ते असं. महाधमनी हातातल्या पाइपासारखी नळी आहे. तिच्या आतल्या थरावर वर्षानुवर्षं चरबीचा राप चढतो. प्रेशर आणि सिगारेट यांनी त्या रापाला एका जागी व्रण पडलाय. तो व्रण आता नळीच्या भिंतीत खोल खोल शिरतोय. बाहेरच्या थरापर्यंत पोचला तर नळी फुटते. फुटली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग ते म्हणाले, "प्रेशरची गोळी रोज घेताय ना?"

सुनंदा माझ्या उशाशी उभी होती. मी म्हटलं, "रोज."

त्यांनी ते लिहून घेतलं. अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरनं पुन्हा विचारलं, त्यालाही मी तेच सांगितलं. खोट्याचं असं असतं की एकदा केसपेपरवर गेलं की ते आपोआप खरं दिसायला लागतं.

अस्तर

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा स्कॅन झाला आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरबाई आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कागदावर नळी काढली, त्यात एक खळगा काढला, आणि म्हणाल्या की नऊ दिवसांत हा खळगा खोल झालाय, आजूबाजूला रक्तही झिरपलंय. छाती उघडून नळी बदलता येते, पण ते मोठं ऑपरेशन आहे. त्याऐवजी जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर न्यायची, त्यातून मिटलेल्या छत्रीसारखी एक जाळी न्यायची आणि खळग्याच्या जागी उघडायची. जाळीवर कापड असतं. रक्त कापडाच्या आतून वाहतं आणि खळग्यावरचा दाब जातो.

मी म्हटलं, म्हणजे आतून अस्तर लावायचं.

त्या थांबल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मी पेशंटना समजावतेय, हा शब्द मला सुचला नव्हता.

मला आयुष्यात एवढी चांगली दाद कुणी दिली नव्हती. त्या भरात मी कापड कुठलं म्हणून विचारलं. पॉलिस्टर, त्या म्हणाल्या. आता बघा. चाळीस वर्षं मी प्रत्येक बाईला बजावत आलोय की ताई, अस्तराला पॉलिस्टर घेऊ नका, कॉटन घ्या. आणि माझ्या स्वतःच्या महाधमनीला पॉलिस्टरचं अस्तर. मी दबकत विचारलं की कॉटनमध्ये येत नाही का. डॉक्टरबाई म्हणाल्या, आटतं ना. हे त्यांना माहीत होतं म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पण त्यांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी केसपेपर पुढं ओढला. म्हणाल्या, "काका, एक गोष्ट मला जुळत नाही. रोज गोळी घेणाऱ्या माणसाचं प्रेशर काल इतकं वर असेल, तर तुमचं प्रेशर गोळीला दाद देत नाही असा अर्थ होतो. मग ऑपरेशनच्या वेळची आणि नंतरची सगळी औषधं मी त्या हिशेबानं जोरात ठरवणार. जाळी उघडताना आम्ही प्रेशर मुद्दाम खाली आणतो. तेव्हा ते गरजेपेक्षा खाली गेलं तर कण्याला रक्त कमी पडू शकतं, पाय जाऊ शकतात. म्हणून परत विचारते. गोळी घेत होता?"

सुनंदा समोरच होती. मला माझे पाय दिसत होते, पांढऱ्या चादरीखाली.

मी म्हटलं, "नऊ दिवस बंद होती."

डॉक्टरबाईंनी जुन्या ओळीवर काट मारली, नवी ओळ लिहिली, आणि बरं झालं सांगितलंत एवढंच म्हणून गेल्या. ऑपरेशन करायचंच होतं, त्यात फरक पडला नाही. औषधं मात्र त्यांनी बदलली.

सुनंदा बोलत नाही

माझ्या मापाची जाळी सोलापुरात शिल्लक नव्हती, बाहेरून यायला दोन दिवस लागणार होते. मापाचा माल मागवावा लागतो हे मला काही नवीन नाही, पण अडलेलं गिऱ्हाईक होऊन वाट बघणं नवीन होतं. हाताला सुई, छातीला वायरी, दर पंधरा मिनिटांनी दंडावरचा पट्टा आपोआप आवळायचा. हलायचं नाही, कुंथायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. त्या विभागात मला हसू यावं असं काही नव्हतंच, म्हणून मी स्वतःच काहीबाही बोलायचो, आणि लगेच मशीनवर आकडा वर जायचा. माझी बडबड किती घातक आहे ते सुनंदा लग्न झाल्यापासून सांगत होती, आता मशीननंही सांगितलं.

सुनंदा मात्र बोलत नव्हती. भेटायच्या वेळेत यायची, पाणी पाजायची, चादर नीट करायची. माझ्याशी बोलायचं असलं तर नर्समार्फत. "यांना विचारा, कंगवा पाहिजे का." नर्स शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी. ती माझ्याकडं वळून म्हणायची, "काका, कंगवा पाहिजे का, काकू विचारायल्यात." मी म्हणायचो, सांगा नको म्हणून. आम्ही तिघंही एकाच पलंगापाशी असायचो.

पुण्याहून मुलगी, मंजिरी, आली आणि बाबांना पुण्याला हलवू या म्हणायला लागली. इथं नको, तिथं मोठी हॉस्पिटलं आहेत. सुनंदा म्हणाली, रस्त्यात काही झालं म्हणजे? दोघींचं दाराबाहेर चांगलंच वाजलं. आवाज मला ऐकू येत होता आणि आकडा वर चढत होता. शेवटी डॉक्टरबाईंनी मंजिरीला बसवून सांगितलं की न्यायचं तर कागद करून देते, पण पाठ दुखत असताना मी माझ्या वडिलांना नेलं नसतं. मंजिरी आत आली आणि माझ्या पायांपाशी बसून रडली. मी तिला नळीचं चित्र काढून दाखवलं. चित्र वाईट आलं, पण अस्तराचा भाग तिला कळला.

ऑपरेशनच्या सकाळी त्याच नर्सनं जांघेतले केस काढायला घेतले. मी लाजेनं छताकडं बघत होतो. ती आपली गप्पा मारत होती. म्हणाली, माझे वडील मागावर होते, त्यांना मी सांगितलं होतं की आता नळीच्या आकाराचं कापडपण विणतात, शिवण न घालता, तर त्यांना खरंच वाटलं नाही. मलाही खरं वाटलं नव्हतं. मग ती म्हणाली, "काका, काकूंशी बोलून घ्या की. वर न्यायला आता येतील."

सुनंदा आत आली. या वेळी नर्स बाहेर गेली, त्यामुळे मध्ये निरोप्या नव्हता.

ती म्हणाली, "अल्सर झाला, त्याचं काही नाही. कुणालाही होतो. तुम्ही रिपोर्ट वाचला, चुकीचा वाचला, तेही तुमच्या स्वभावाला धरून आहे. पण मी रोज विचारत होते. नऊ वेळा 'घेतली' कशाला म्हणालात?"

मी म्हटलं, "तू बंद करू नका म्हणाली असतीस."

"मग?" ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर विचारत होते."

मी चुकलं म्हटलं. तिनं माझ्या गळ्यातली माळ काढून रुमालात बांधली आणि म्हणाली, "परत येऊन सांगा. आत्ता आकडा वाढतोय."

पाय हलवा

त्याआधी सह्या झाल्या होत्या. त्या कागदावर काय काय होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं असतं: मूत्रपिंडं, अर्धांग, पाय लुळे पडणं, आणि शेवटी सगळ्यांना माहीत असलेला शब्द. या वेळी मी मंजिरीकडून एकेक शब्द वाचून घेतला. तुम्हाला कुणी हा कागद दिला तर वाचून घ्या. भीती वाटते, पण न वाचता जी वाटते ती जास्त वाटते.

मला पूर्ण झोपवलं नव्हतं. जांघ बधिर केली आणि गुंगीचं औषध दिलं. खोली इतकी गार होती की दात वाजत होते. डॉक्टरबाईंचा आवाज यायचा, श्वास धरा, सोडा. रंग गेला की छातीत गरम पाणी ओतल्यासारखं वाटायचं. मध्येच मी कापडाच्या पन्ह्याबद्दल, म्हणजे रुंदीबद्दल, काहीतरी विचारायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "काका, आता अजिबात बोलायचं नाही. मी उघडतेय."

मी बोललो नाही. माझ्या आयुष्यात मनापासून गप्प बसल्याचा तो एकच प्रसंग. मला काहीच जाणवलं नाही, ना खटका, ना कळ. सगळे स्क्रीनकडं बघत होते. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होतो, कारण मास्कमुळे तेवढंच दिसत होतं. कुणाचे डोळे बदलतात का ते मी बघत होतो. मग एकानं श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

"काका, पायाचे अंगठे हलवा."

मी हलवले, असं मला वाटलं. पण वाटणं आणि हलणं यावर त्या नऊ दिवसांनंतर माझा भरवसा उरला नव्हता. मी विचारलं, हलतायत का? डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही."

तेवढ्या एका शब्दावर मला रडू आलं. त्यांनी ते औषधाचं समजून सोडून दिलं. आकडा त्या वेळी कुणी बघितला नसावा.

घरी

नंतरचे दिवस सांगण्यासारखे कमी आहेत. जांघेत टोचलेला पाय बरेच तास सरळ ठेवावा लागतो. मी दुसऱ्या पायाचा अंगठा दिवसभर हलवत बसलो, कुणी सांगितलं नसताना, शेवटी नर्स म्हणाली की काका, राहू द्या, दमेल तो. दोन दिवस ताप आला. अंगात नवीन कापड गेलंय, शरीर थोडं कुरकुर करतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. जांघेला निळा डाग पडला, तो पुढं जांभळा, हिरवा, पिवळा झाला. मी त्याच्या छटा सुनंदाला नावानिशी सांगायचो. तिनं एकदा तोंडावर पदर धरला, म्हणजे हसली असावी.

आठव्या दिवशी घरी आलो. शौचाला जोर करायचा नाही, वजन उचलायचं नाही. गठ्ठे आता दुकानातला माणूस काढतो आणि मी खालून त्याला चुकीच्या सूचना देतो. सिगारेट सुटली. सोडली म्हणवत नाही, कारण तशी हिंमत माझ्यात नव्हती. बोळात गेलं की पाठ दुखेल अशी भीती वाटायची आणि मी परत फिरायचो. रात्री कुशीवर वळताना अजूनही क्षणभर थांबतो. पाठीत साधी उसण भरली तरी आम्ही दोघंही एकमेकांकडं बघतो आणि आधी कोण बोलतंय याची वाट बघतो. हा आजार झालेल्या माणसाला हे सांगून ठेवतो: ती भीती जायला वेळ लागतो, आणि ती असणं म्हणजे काही बिघडलंय असं नाही. कळ खरी आली तर मात्र कळ आली असं सांगा, आणि ज्या जागी आली तीच जागा सांगा.

आणि अल्सर हा शब्द कागदावर दिसला तर कशाचा म्हणून विचारा. एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर हे लिहायची पाळी आली नसती.

महिन्यानं पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडं वळवली. अंधारात एक पांढरी जाळीदार नळी दिसत होती, माझ्या आत, कण्याला टेकून. खळगा बंद झालाय म्हणाल्या. रक्त आतून चाललंय, बाहेर झिरपत नाही. आता सहा महिन्यांनी दाखवायचं आणि मग दरवर्षी, कारण जाळी कधी जागची हलू शकते, महाधमनी दुसरीकडं कुठं फुगू शकते.

मी विचारलं, "दरवर्षी म्हणजे किती वर्षं?"

त्या लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "येता येईल तितकी."

मी काहीतरी बोलणार होतो. विनोद तयारही होता. तेवढ्यात सुनंदानं कागद माझ्या हातातून घेतला, पुढच्या तारखेवर एकदा नजर टाकली आणि पर्समध्ये घालत म्हणाली, "येतील. मी आणते."